नदीपलीकडची चूल

माय, काल दुपारी सरपंच येऊन गेला. आपल्या मास्तरांचा नातू. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, आणि बोलणं मात्र आजोबासारखंच सावकाश. खानावळीत जेवणाऱ्यांची गर्दी होती म्हणून सुनेनं त्याला मागच्या अंगणात माझ्याकडे आणून बसवलं. मी लसूण सोलत होते. खुर्ची जवळ ओढून तो म्हणाला, "आजी, ग्रामपंचायतीसमोर दगड बसवून राह्यलो आम्ही. सरहद्दीच्या कॅम्पात जे जे होते त्याईचे नावं कोरायचे. तुमच्या मायचं बी टाकतो. आजोबा सांगून गेले, ती बाई आपली होती." मी त्याला चहा पाजला आणि विचार करून सांगते म्हटलं. तो गेल्यापासून मनात तुझ्याशीच बोलते आहे, म्हणून शेवटी नातीकडून कागद मागून घेतले. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तू असतीस तरी हे मीच तुला वाचून दाखवलं असतं, आणि मध्येच तू म्हणाली असतीस, पुरे झालं, चुलीकडे पाह्य.

माझी ही नात रोज एस.टी.नं जालन्याला कॉलेजला जाते. नदीवरचा पूल कधी आला नि कधी गेला हे तिच्या लक्षातही येत नाही. ह्याच जागी एक राज्य संपायचं आणि दुसरं लागायचं, अलीकडे आपलं वऱ्हाड आणि पलीकडे निजामाची मोगलाई, असं मी सांगितलं की ती हसते. इंग्रज गेला, इकडे झेंडे लागले, पण पलीकडचं राज्य वर्षभर तसंच राहिलं, हे तिला पुस्तकात दोन ओळींत शिकवलं आहे. त्या दोन ओळींत आपण राहत होतो, माय. तिकडून माणसं गाठोडी घेऊन इकडे येत होती. गावाबाहेरच्या आंबराईत त्यांचा आणि तरण्या पोरांचा कॅम्प होता, आणि शाळा बंद करून मास्तर तो चालवत होते. पोरं पलीकडे जाऊन नाके जाळायची, पलीकडचे बंदूकवाले गावात घुसून माणसं न्यायचे. लढाई असं तिला कोणी म्हणत नव्हतं, पण होती ती लढाईच.

बाबा तापानं गेले त्याच्या पुढच्या हंगामात तू पलीकडे जायला लागलीस. नदीकाठच्या तुकड्यात आपलं माळवं होतं, वांगी, मिरच्या, कोथिंबीर. ते डोक्यावर घेऊन तू नाक्यावर विकायला जायचीस, कारण गावात सगळ्यांच्याच दारात वांगी होती. नाका म्हणजे तरी काय, नदी चढून गेल्यावर एक दगडी खोली, पुढे पडवी, मागे चूल, आणि गाड्या अडवायला आडवं लाकूड. तिथला जमादार हैद्राबादकडचा, पोट बिघडलेला, हाताखालच्या शिपायांच्या हातचं खाऊन कंटाळलेला. एकदा तुझ्या टोपलीतली वांगी घेता घेता त्यानं विचारलं, "बाई, ये पकाना भी आता क्या तुम कू?" त्या दिवसापासून तू त्या चुलीपुढे बसलीस. मला घरी ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून मीही तुझ्याबरोबर. पाणी कमी असलं की तू मला कमरेवर घेऊन नदी ओलांडायचीस, आणि जास्त असलं की नावाड्याला हाक मारायचीस.

गावानं तुझ्याशी बोलणं कमी केलं ते तेव्हापासून. विहिरीवर तू गेलीस की बायांच्या घागरी लवकर भरायच्या. तू मोगलाईची भाकर खातेस, एवढंच तेव्हा त्यांना दिसत होतं. त्याहून जास्त काय चाललं होतं ते मला पुढे तुझ्याच तोंडून कळलं. आपली खानावळ लागली, मी बाई झाले, आणि दुपारची गर्दी ओसरल्यावर तू परातीत पीठ घेऊन एकेक सांगायला लागलीस. इतकं शांतपणे, की जणू दुसऱ्या कोणा बाईची हकीकत आहे.

जमादारानं बातम्या विचारायला सुरुवात केली ती सहज, जेवता जेवता. कॅम्पात किती माणसं, कोणाच्या घरी नवी तोंडं दिसतात, रात्री कोण कोण गावाबाहेर असतं. तू सांगायला लागलीस. शिपायांदेखत सांगायचीस, आणि त्यातल्या कोणीतरी बाजारात ते बोललं, तेव्हा गावाला पक्कं कळलं की तू खबरी आहेस. मग एक दिवस मास्तर आपल्या वाफ्यात आले. तू मिरच्या तोडत होतीस. ते बांधावर बसले आणि म्हणाले, "तू जाऊन राह्यली तं जा. तुले कोणी अडवनार नाई. पण डोळे उघडे ठेव, अन् मले सांग." तू विचारलंस, "अन् त्याले काय सांगू?" मास्तर म्हणाले, "ते तुयं तू पाह्य." तेवढ्या बोलण्यावर तू दोन्हीकडची झालीस.

जमादाराला तू शिळं सांगायचीस. पोरं वरच्या उतारानं नदी ओलांडून येऊन गेली, हे ती येऊन गेल्यावर. अमक्याच्या गोठ्यात माणसं होती, हे ती पुढच्या गावी पोचल्यावर. आणि मास्तरांना ताजं सांगायचीस, शिपाई किती, गस्त कधी, जालन्याहून कुमक येणार की नाही. मी एकदा घोळ घातलाच होता. पडवीत खेळताना मी शिपायाला सांगितलं की आमच्या वाफ्यात मास्तर येतात आणि मला गूळ देतात. तू आतून धावत आलीस आणि म्हणालीस, शाळेचा मास्तर हाये, लेकराईले गूळ वाटते. मला कमरेवर घेऊन नदी ओलांडलीस. अलीकडच्या काठाला मला खाली उतरवलंस, माझ्या दोन्ही खांद्यांवर ओले हात ठेवलेस आणि म्हणालीस, "तिथं पाह्यलेलं इथं बोलायचं नाई. इथं पाह्यलेलं तिथं बोलायचं नाई. बोलली तं मी मरन." मारलं असतंस तर मी विसरलेही असते. ते ओले हात अजून खांद्यावर आहेत.

पावसाळ्याच्या तोंडाला जमादाराची बायको आली, पोटाशी तान्ही मुलगी घेऊन. जालन्यात राहणं तिला भीतीचं वाटत होतं, नवऱ्याजवळ बरं म्हणून आली. ती चुलीपाशी पाट घेऊन बसते, बाळाला मांडीवर घालते आणि तुला सांगते, चिंच आधी नको, दाळ शिजू दे, मग. गोडलिंबाची पानं, लसूण, लाल मिरची तेलात टाकून वर ओतते आणि म्हणते, "ये बगार है बाई." त्या दिवसानंतर तू फोडणी हा शब्द टाकूनच दिलास. आजही आपल्या खानावळीत पोरं ओरडतात, आजी, बगार झाला का, आणि नव्या गिऱ्हाइकाला वाटतं ही माणसं कुठली. तिनं आपल्या जुन्या ओढणीचा मला एक कुडता शिवला होता, हिरवा. तो तू मला फक्त पलीकडे घालू द्यायचीस. अलीकडे येताना काढून टोपलीत वांग्यांखाली.

मग कॅम्पानं नाका जाळायचं ठरवलं. मास्तरांनी तुला वाफ्यात गाठून सांगितलं, उद्या जाऊ नको, लेकीला ताप आला म्हणून सांग. तू म्हणालीस, "तिथं बाई हाये, तान्हं लेकरू हाये." मास्तर म्हणाले, "आधी आवाज देऊ, बाहेर पडा म्हनू, मंगच पेटवू." तू एवढंच म्हणालीस, "अंधारात कोन कोनाले पाह्यते, मास्तर?" ते उठून गेले. ते वाईट नव्हते, हे तू मला दर वेळी सांगायचीस. त्यांच्या बाजूनं खरं तेच होतं. पलीकडच्यांनी त्यांच्या सख्ख्या भावाला नेलं होतं आणि तो परत आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मला बरोबर नेलंस. कमरेवर लेक असली की बाई नेहमीसारखीच दिसते, असं पुढे म्हणालीस. तू भाकरी थापल्यास, दाळ केलीस. जमादार जेवायला बसला. दुसरी भाकर वाढता वाढता तू म्हणालीस, "सायेब, बाईले अन् लेकराले आजच्या आज जालन्याले न्या. तुमी बी इथं राहू नका."

त्यानं वर पाहिलं. "कायकू?"

"कायकू ते इचारू नका. इतल्या दिवसाचं मीठ खाल्लं म्या तुमचं, म्हनून सांगते."

हे मला आठवतं. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं, पण त्यानं तोडलेला घास तसाच ताटात ठेवला आणि हात धुतले, हे मी पाहिलं. तू चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवलीस. दुपारी बैलगाडी जुंपली. बाळ, बायको, पेट्या, आणि घोंगडीत गुंडाळून बंदुका. जमादार आणि शिपाई गाडीमागून पायी. बायको गाडीत चढता चढता तुझ्याकडे पाहत राहिली. आपण वांग्यांची रिकामी टोपली घेऊन नदी उतरलो. पहाटे गावातल्या सगळ्यांनी पलीकडचा धूर पाहिला. माणसं टेकाडावर उभी राहून बोलत होती. तू भाकरी करत होतीस.

त्या बंदुकांचीच मास्तरांना गरज होती. ते भर दुपारी घरी आले, दारातच उभे राहिले. "नाका रिकामा होता. तू सांगतलं?"

"हाव," तू म्हणालीस. "म्याच सांगतलं."

"आमचे पोरं मरू शकत होते. त्यानं फौज बोलावली असती तं?"

"त्यानं नसती बोलावली."

"तुले काय माहीत?"

"दोन टाईम वाढत होती मी त्याले."

 मास्तरांनी पाणी मागितलं. मी तांब्या नेऊन दिला. पाणी पिऊन ते गेले, आणि त्यानंतर तुझ्याशी बोलेनासे झाले. म्हणजे आता अलीकडेही तुझं कोणी उरलं नाही आणि पलीकडेही. तुला सगळ्यात जास्त लागलं ते हे नव्हे, हे मला माहीत आहे. त्या बंदुका पुढे कोणावर चालल्या का, हा विचार तुला खात होता. ते तू मला एकदाच बोललीस, भाकरी उलटताना, आणि हाताला चटका बसला तरी तुझं लक्ष नव्हतं.

पाऊस सरत आला तेव्हा आपली फौज पलीकडे गेली आणि चार-पाच दिवसांत मोगलाई संपली. गावात गुलाल उधळला. त्याच संध्याकाळी आठ-दहा माणसं आपल्या दारात आली. हजामाला सोबत आणलं होतं. खबरी बाईचं मुंडण करून धिंड काढायची, असं त्यांचं ठरलं होतं. तू मला आत ढकलून कडी लावलीस आणि स्वतः बाहेर उभी राहिलीस. फटीतून मला तुझी पाठ दिसते आणि त्यापलीकडे पाय, खूप पाय. कोणीतरी म्हणालं, बोल, किती जणाईले पकडून देलं. मग गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचा आवाज आला, वर्गात असायचा तसाच, न चढवता.

"तिले म्या पाठवलं होतं."

सगळे वळले. मास्तर पुढे आले. "नाक्यावर ती माह्या सांगण्यावरून जात होती. तिथली सगळी खबर तिनं आणली. आपले पोरं जिते हायेत ते तिच्यामुळे. आता घरी जा."

कोणीतरी विचारलं, "अन् नाका रिकामा कसा होता, मास्तर?"

"ते बी माह्याच सांगण्यावरून," मास्तर म्हणाले. "लेकरू होतं तिथं."

माणसं गेली. हजाम सगळ्यात आधी गेला. मास्तर तुझ्याकडे न पाहता निघाले, आणि तूही त्यांना थांब म्हणाली नाहीस. वर्षभर दोन्ही काठांना खरं-खोटं सांगत आलेल्या बाईला मास्तरांच्या एका खोट्यानं वाचवलं. ह्याच्यावर तू पुढे किती हसायचीस. म्हणायचीस, शाळेचा मास्तर, आयुष्यात एकदाच खोटं बोलला, अन् तेबी चारचौघात.

गाव हळूहळू सैल पडलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असं नाही, पण मास्तर बोलले म्हटल्यावर तोंडावर कोणी बोलेना. मग सरहद्द गेली, रस्ता झाला, एस.टी. आली, आणि तू फाट्यावर चार बल्ल्या रोवून चूल मांडलीस. आपले दिवस तिथून फिरले. ड्रायव्हर, कंडक्टर, बदलीवर आलेले तलाठी, जालन्याच्या बाजाराला निघालेले शेतकरी, सगळे तुझ्या हातची भाकर आणि आंबट दाळ खाऊन पुढे जायचे. मी तुझ्या शेजारी बसून थापायला शिकले. लग्न होऊनही मी इथंच राहिले, कारण जावईच तुझ्या खानावळीत जेवायला येणारा होता. लोक आपल्याला बिच्चाऱ्या मायलेकी म्हणायचे तेव्हा आपल्याला कळायचं नाही ते कोणाबद्दल बोलतात.

आणि तो दिवस. उन्हाळ्यातली दुपार, जालन्याची गाडी थांबलेली. एक म्हातारा उतरला, पांढरी दाढी, छत्री. कोपऱ्यातल्या बाकावर बसला. तू ताट वाढलंस, दाळ वाढलीस, आणि तो पहिल्या घासाला म्हणाला, "इमली जरा ज्यादा है, बाई." तू पदरानं हात पुसत तिथंच उभी राहिलीस.

"लेकरू?" तू विचारलंस. इतक्या वर्षांनी पहिला शब्द तो.

"कॉलेज में है. उसकी अम्मा सलाम बोली."

मग तू त्याच्यासमोर बसलीस. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, मी वाढत होते आणि एक कान तुमच्याकडे. त्यानं सांगितलं की बंदुका त्यानं जालन्यात जमा केल्या, आणि न लढता नाका सोडला म्हणून त्याच दिवशी त्याला नोकरीवरून काढलं. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. आता कापडाचं छोटं दुकान होतं. "नौकरी गई, जान बची," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. तू मान खाली घालून म्हणालीस, "सायेब, म्या तुमाले लई खोटं सांगतलं तवा."

"मालूम था," तो म्हणाला. "तुम झूठ बोलते, मैं वैसाच लिख के ऊपर भेजता. मेरे कू भी गाँव में घुस के किसी कू पकड़ना नक्को था. पर वो दिन तुम सच बोले. वो भी मालूम था."

गाडीचा हॉर्न वाजला. तू त्याला भाकरी बांधून दिल्यास. त्यानंतर तो कधी आला नाही. पण त्या दिवसापासून तू दुपारची अर्धा तास आडवी होऊन झोपायला लागलीस, जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आज सकाळी सरपंच पुन्हा आला. मी त्याला नाका रिकामा कसा झाला ते सगळं सांगितलं. म्हटलं, तुझे आजोबा गावापुढे जे बोलले ते तुझ्या आजोबांचं मोठेपण. माझ्या मायला त्यांनी पाठवलं नव्हतं, ती आपली आपणच गेली. हे ऐकून तुला तिचं नाव नको वाटलं तर मला राग नाही. तो खाली बघत फोन या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, "आजोबा कधीच म्हनत नव्हते का आमी नाका जाळला. म्हनायचे, नाका जळला. मले वाटे म्हातारपनाचं बोलनं हाये." थोड्या वेळानं म्हणाला, "आजी, हे सगळं काही दगडावर मावत नाई. नुसतं नाव टाकू?"

मी म्हटलं, "टाक."

"नावापुढे काय लिहू? बाकीच्याईच्या पुढे काहीतरी हाये."

"काही लिहू नको. नुसतं नाव."

तो जेवून गेला. दोन वेळा दाळ मागून घेतली. मला बरं वाटलं, माय. दगडाचं म्हणशील तर तुला त्याचं काही वाटलं नसतं, आणि मलाही फार नाही. पण ते सगळं एकदा मोठ्यानं सांगून झालं, आणि ऐकणारा उठून गेला नाही, जेवायला बसला, ह्याचं बरं वाटलं.

हे कागद घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवीन, सून टाकून देईल तेव्हा देईल. सरपंचाला मी सगळं सांगितलं, एक सोडून. ते तुलाही कधी सांगितलं नाही, कारण तुझ्यासाठी ते दिवस कसे होते ते मला कळायला लागलं तेव्हा बोलायची लाज वाटली. मला नाक्यावर फार छान वाटायचं, माय. बाबा गेल्यानंतर घरी मला धड झोप लागत नव्हती. ती लागायची दुपारची तिथं, चुलीमागच्या उबेत पोत्यावर, शेजारी ते बाळ, आणि पडवीतून येणारा तुझा आवाज, जमादाराला शिळी बातमी सांगणारा, अगदी निवांत.